बस्त्यातली पँट

"हात वर कर गं," आई म्हणाली.

मी हात वर केले.

"दोन्ही नव्हे, एकच."

मी एक खाली घेतला.

"तो नव्हे!"

एवढं होईपर्यंत माझ्या खांद्यावर डाळिंबी शालू येऊन पडला. त्याच्या आधीचा मोरपंखी अजून कमरेला गुंडाळलेलाच होता आणि त्याच्या खाली माझी निळी ट्रॅकपँट होती. सांगलीतल्या एका तीन मजली दुकानात, पहिल्या मजल्यावरच्या पांढऱ्या गादीवर, मी सकाळपासून उभी होते. लग्न माझं नव्हतं. मी सातवीत होते.

लग्न माझ्या ताईचं, त्रिशलाचं होतं आणि हा तिचा बस्ता होता. दोन्हीकडची माणसं सकाळी दुकान उघडायच्या वेळेला हजर झाली होती. फक्त नवरी नव्हती. शालू तर नवरीच्या अंगावर लावून बघितल्याशिवाय घेत नाहीत. तेव्हा ताईच्या होणाऱ्या आत्तेसासूबाई, पुष्पाआत्या, यांनी दुकानभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर आणून थांबवली.

"ही उभी राहील की. रंग तोच, उंची तीच. जरा बारीक आहे, पण चालतंय."

मला कुणी विचारलं नाही. पुतळ्याला विचारत नाहीत.

आता इथे एक सांगायला हवं. मला कपडेखरेदी अजिबात आवडत नाही. म्हणजे काही जणींना कारलं आवडत नाही तसं नव्हे. काही जणींना दाताचा डॉक्टर आवडत नाही तसं. तेव्हा माझ्या कपाटात ट्रॅकपँटी होत्या, सगळ्या निळ्या, आणि टी-शर्ट होते, सगळे राखाडी. सगळं मुलांच्या कपड्यांतून घेतलेलं, कारण त्यांना खिसे असतात. सकाळी कपाट उघडायचं, हाताला येईल ते घालायचं, कपाट बंद. शाळेचा गणवेश हा माणसानं लावलेला सगळ्यात मोठा शोध आहे, असं माझं मत होतं. अजूनही आहे. फरक इतकाच, की आता दहावीत मी ते मोठ्यानं सांगते. गेल्या महिन्यात तर वक्तृत्व स्पर्धेत सांगितलं आणि दुसरी आले. पहिला आलेला मुलगा प्लॅस्टिकवर बोलला होता.

सातवीत मात्र माझा आवाज फक्त मला ऐकू यायचा. मी हजेरीला "हजर" म्हणायचे आणि बाई गैरहजेरी लावायच्या. मग मी दिवसभर गैरहजर मुलीसारखी बसायचे. माझी तक्रार नव्हती. पण त्या दिवशी त्या दुकानात मला एक वाक्य बोलायचं होतं आणि ते बोलायची वेळ जवळ येत चालली होती.

त्याचं असं झालं होतं. ताई जनावरांची डॉक्टर आहे. आमच्या जयसिंगपूरच्या आसपासच्या गावांतून स्कूटरवर फिरते. म्हैस आजारी असो, गाय गाभण असो, शेळीनं प्लॅस्टिक खाल्लेलं असो, ताई जाते. जाताना तिच्या अंगावर खाकी पँट, पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट. पँटीच्या एका खिशात थर्मामीटर, एकात हातमोजे, एकात दोरी, आणि मांडीजवळच्या खिशात मालकाच्या पोरांसाठी लिमलेटच्या गोळ्या.

तिचं लग्न ठरलं सुदर्शन मगदूम यांच्याशी. ते साखर कारखान्यात इंजिनिअर. माणूस चांगला. साखरपुड्यात मला त्यांनी दोनदा गुलाबजाम वाढला, न मागता. पण त्याच साखरपुड्यात, जेवणं झाल्यावर, पुष्पाआत्यांनी सगळ्यांसमोर मगदुमांच्या घरचा नियम सांगितला.

"आमच्यात एक आहे हं. पहिलं वर्ष सुनेच्या अंगावर माहेरचा दोरा चालत नाही. बस्त्यात आम्ही घेऊ तेच घालायचं. वर्ष झालं की मग आहेच की तुमचं."

सगळ्या बायकांनी मान डोलावली. ताईच्या होणाऱ्या सासूबाई, मगदूमकाकू, शेजारी बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. आणि बस्त्यात काय घेतात हे सगळ्यांना माहीत होतं. साड्या.

त्या रात्री ताई मला म्हणाली, "आर्जू, वर्षभर साडीत? अगं, मी म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालते. पदर कुठं खोचू आणि हात कुठं घालू?"

"दाजींना सांग की."

"सांगितलं. ते म्हणाले, आईला विचार."

"मग विचार."

"त्यांच्याकडे बघितलंस का तू? साखरपुडा संपेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत त्या. तुझ्यासारख्याच, पण तुझी भीती वाटत नाही."

शेवटी तिनं ठरवलं, बस्त्याच्या दिवशीच विचारायचं. मगदूमकाकूंना बाजूला घ्यायचं आणि सरळ सांगायचं, मला साड्यांबरोबर दोन पँटी घ्या, मी डॉक्टर आहे. हो म्हणाल्या तर छानच.

"आणि नाही म्हणाल्या तर?" मी विचारलं.

ताई बराच वेळ गमबुटाला लागलेला चिखल खरवडत बसली. "तर मी विचार करीन," ती म्हणाली. "लग्नाचा. वर्षभर घरात बसले तर माझी गावं दुसरा कोणीतरी डॉक्टर घेईल, आणि मग परत कोण बोलावतंय मला?"

हे तिनं फक्त मला सांगितलं. मी कुणाला सांगणार नाही याची तिला खात्री होती. कुणाला काहीही न सांगण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं.

आणि बस्त्याच्या सकाळी, ताई साडी नेसून, वेणीत गजरा घालून तयार असताना, फोन आला. नांदणीत म्हैस अडली होती. रेडकू आडवं आलं होतं. ताईनं फोन कानाला धरूनच निऱ्या सोडायला सुरुवात केली.

"त्रिशला!" आई ओरडली. "आज? आज कुणीतरी दुसरा जाईल की!"

"दुसरा कोण? दोन्ही जीव जातील, आई."

पाच मिनिटांत ती खाकी पँटीत फाटकापाशी होती. गजरा तेवढा राहिला होता. मला तिनं हातानं बोलावलं.

"मी येतेच. पण नाही पोचले आणि बस्ता बांधायला लागले, तर तू विचार."

"मी?"

"मग कोण? आई 'नेसेल की साडी' म्हणून मोकळी होईल. एकदा हळदकुंकू वाहून गाठ मारली की बस्ता सोडत नाहीत, तुला माहितीय. गाठीच्या आधी विचार. एकच वाक्य आहे."

स्कूटर गेली. मी सांगलीपर्यंत गाडीत ते वाक्य मनात म्हणत गेले. 'काकू, ताईला कामासाठी दोन पँटी घ्याल का?' सोपं होतं. उत्तर येणार नसेल तर कुठलंही वाक्य सोपंच असतं.

तर आता मी गादीवर उभी होते, अंगावर दोन शालू घेऊन.

"डाळिंबी खुलतोय," आई म्हणाली आणि तिनं हळूच मगदूमकाकूंकडे बघितलं.

मगदूमकाकू गादीच्या कडेला, पाठ भिंतीला लावून बसल्या होत्या. साधी काठाची करडी साडी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. त्या डाळिंबी शालूकडे बघत होत्या. म्हणजे निदान त्या दिशेला बघत होत्या.

"बघा," त्या म्हणाल्या.

सकाळपासून त्या एवढंच म्हणत होत्या. मोरपंखीला बघा. चिंतामणीला बघा. आमसुलीला तर त्या तेवढंही म्हणाल्या नव्हत्या.

आईचा चेहरा उतरला. पुष्पाआत्या पुढे झुकून सेल्समनला म्हणाल्या, "वहिनींच्या मनात भरत नाही हो. आणखी दाखवा."

"दाखवतो की ताई!" सेल्समन म्हणाला. तो असा माणूस होता, की त्याला आणखी दाखवायला सांगितलं की त्याचं वय कमी व्हायचं. "हा बघा, अस्सल बनारसी. रामा ग्रीन, गोल्डन बुट्टी. कालच माल फुटलाय. बेबी, जरा इकडं वळ."

बेबी वळली.

"पदर बघा पदर! पाठीवर कसा पडतोय!"

"पोरगी ताठ उभी राहील तर दिसेल," पुष्पाआत्या म्हणाल्या. "काय गं, वाकतीस का अशी? नवरीचा शालू आहे, पोतं नव्हे."

"तिला सवय नाही हो साड्यांची," आई घाईघाईनं म्हणाली. "सदानकदा त्या ट्रॅकपँटीच."

"दिसतंय की खालनं." पुष्पाआत्यांनी माझ्या पायाकडे बघितलं. "पाठराखीण म्हणून तूच येणार ना ताईबरोबर? तुला आम्ही घागराच घेतो बघ. झगझगीत, आरसेवाला."

मी मगदूमकाकूंकडे बघितलं. वाक्य घशात होतं. 'काकू, ताईला कामासाठी...' मी तोंड उघडलं, तेवढ्यात सेल्समननं माझ्या तोंडावरून अबोली शालू उलगडला.

अबोलीलाही त्या "बघा" म्हणाल्या.

चहा आला. चहा गेला. गादीवर शालूंचा एवढा ढीग झाला, की सेल्समन त्याच्या पलीकडे फक्त डोक्यापुरता दिसायला लागला. वरच्या मजल्यावर पुरुषांचे कपडे होते. पप्पा, मगदूमकाका आणि सुदर्शनदाजी तिकडे सूट बघत होते. त्यांच्या हसण्याचा आवाज खालपर्यंत यायचा. आई मला बाजूला घेऊन कुजबुजली, "फोन लाव गं ताईला. काकू रागावल्यात. बघ तोंड कसं केलंय. नवरी बस्त्याला नाही म्हणजे काय साधी गोष्ट आहे?"

मी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग ताईचाच मेसेज आला. 'अजून अडलंय. विचारलंस?'

मी 'नाही' लिहिलं आणि फोन खिशात टाकला. मला खिसा होता. त्या मजल्यावरच्या बाकी एकाही बाईला नव्हता.

"येतीय का नवरी?" पुष्पाआत्यांनी विचारलं.

"येईलच," आई म्हणाली.

"नाही, आमच्या वेळी नवरी बस्त्याला आधी येऊन बसायची. आता म्हशी आधी." पुष्पाआत्या हसल्या. आईपण हसली. फक्त आईचं हसणं ओठांपाशीच थांबलं. "लग्नानंतर हे बंद होईल म्हणा आपोआप. साडीत कोण जातंय गोठ्यात? तेवढंच घरात लक्ष लागतं पोरींचं."

बघितलं? नियम दोऱ्याचा होता. तो आता गोठ्यापर्यंत पोचला होता.

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं डाळिंबी शालूचा काठ उगीच सरळ केला.

शेवटी डाळिंबीच ठरला, कारण सगळ्यांचे पाय आखडले होते. मग इतर साड्या निघाल्या. त्या मी उभी न राहता निवडल्या गेल्या. त्यांनाही काकू "बघा" म्हणाल्या, पण आता पुष्पाआत्यांनी "बघा"चा अर्थ "घ्या" असा लावायला सुरुवात केली होती. काऊंटरवरून पितळेचं ताट आलं. त्यात हळदकुंकू, अक्षता आणि सुपारी. दुकानदाराच्या माणसानं मोठं लाल कापड पसरलं. पुष्पाआत्यांनी त्यावर साड्या रचल्या, सगळ्यात वर शालू.

"वहिनी, वाहा हळदकुंकू. बांधून टाकू."

मगदूमकाकू उठल्या. त्यांनी ताटात बोट बुडवलं.

"काकू," मी म्हणाले.

कुणी वळलं नाही. हजेरीसारखंच.

काकूंचं हळदीचं बोट शालूकडे निघालं. मला अचानक नांदणीतल्या गोठ्यात गुडघ्यावर बसलेली ताई दिसली, वेणीत गजरा घातलेली, आणि मला वाटलं, आता नाही ऐकू गेलं तर ती आयुष्यभर गैरहजर.

"काकू!"

हा आवाज माझा होता हे मला नंतर कळलं. वरच्या मजल्यावरचं हसणं थांबलं. सेल्समनच्या हातातली साडी खाली पडली. काकूंचं बोट हवेत राहिलं.

"ताईला पँट पाहिजे," मी म्हणाले. पाठ केलेलं वाक्य हे नव्हतं. "बस्त्यात. दोन. कामाच्या."

आई हसायला लागली. फार वाईट हसणं होतं ते. "गंमत करतीय हो ती. कंटाळलीय बिचारी. आर्जू, खाली जाऊन पाणी पिऊन ये."

"मी गंमत करत नाही."

"पँट!" पुष्पाआत्या म्हणाल्या. "बस्त्यात पँट! अगं, शालूशेजारी पँट ठेवतात होय? आणि आपण सून आणतोय की शेण काढायला गडी?"

मगदूमकाकूंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. पहिल्यांदाच त्यांचे डोळे एका जागी थांबले होते.

"हे तू मागतीस का तुझी ताई?"

"ताई. ती स्वतःच विचारणार होती, पण म्हैस अडली."

"आणि मी नको म्हणाले तर?"

आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला. चांगला, पिळून. त्या चिमट्याचा अर्थ मला स्पष्ट कळत होता, तो असा की या प्रश्नाला एकच उत्तर आहे, 'तुम्ही म्हणाल तसं, काकू.'

"तर ती विचार करणार आहे," मी म्हणाले.

"कसला?"

"लग्नाचा."

आईनं चिमटा सोडला. त्याचं आता काही काम राहिलं नव्हतं. पुष्पाआत्या गादीवर बसल्या, त्याही नेमक्या आमसुलीवर.

"हे तिनं मला साखरपुड्यालाच का नाही सांगितलं?" काकूंनी विचारलं.

"तुम्हाला सगळे घाबरतात म्हणून."

"आर्जवी!" आई म्हणाली.

"बोलू द्या तिला. कोण सगळे?"

"ताई. आई. पप्पा. दुकानातले हे काका." मी थोडं थांबले. पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. "दाजीपण."

"सुदर्शन?" त्यांच्या भुवया वर गेल्या. "मी काय बोलले त्याला?"

"काहीच नाही. तुम्ही कुणालाच काही बोलत नाही. म्हणून."

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. आम्ही पुन्हा घाबरलो. मग त्यांनी हळदीचं बोट जपून ताटाच्या कडेला पुसलं.

"पुष्पा, तो नियम नक्की काय होता गं?"

"काय म्हणजे? आईंनी घालून दिलेला. माहेरचा दोरा नको."

"हां. दोरा. सासूबाई दोऱ्याचं म्हणाल्या होत्या. साडीचं कुठं म्हणाल्या?"

"अहो वहिनी, पण साडीच ना ते! तेव्हा पँटी कुठं होत्या?"

"तेव्हा डॉक्टर तरी कुठं होती घरात?" काकू म्हणाल्या. "आपली चांदी म्हैस मेली तेव्हा दोन दिवस डॉक्टरची वाट बघत होतो आपण. तूच रडत होतीस तिच्या गळ्यात पडून. आता घरात डॉक्टर येतीय तर तिला साडी नेसवून बसवायची होय? लाथ बसायला आली तर पळता तरी आलं पाहिजे की पोरीला." आणि त्या सेल्समनकडे वळल्या. "तुमच्यात बायकांच्या पँटी आहेत?"

"आहेत की मॅडम!" सेल्समननं साडी उचलली, नव्हे, ओलांडली. "दाखवतो. लेटेस्ट."

लेटेस्ट पँटी आल्या. गुलाबी आली, पिस्ता आली, एकीच्या गुडघ्यावर मोती होते. मी त्यातली बरी दिसणारी एक घेतली आणि सवयीनं खिशात हात घालायला गेले. हात गेला नाही.

"खिसा शिवलेला आहे," मी म्हणाले.

"नुसता दिसायला आहे तो," सेल्समन म्हणाला. "डिझाईन. लेडीजमध्ये आत पिशवी देत नाहीत. फिगर बिघडते ना."

काकूंनी पँट माझ्या हातातून घेतली, चष्मा वर करून तो खिसा बघितला, नखानं उकलायचा प्रयत्न केला. मग त्यांनी ज्या चेहऱ्यानं पँट परत केली, तो चेहरा सकाळपासून एकाही शालूच्या नशिबी आला नव्हता.

"हे कसलं सोंग?" त्या म्हणाल्या. "थर्मामीटर कुठं ठेवायचं पोरीनं? केसात? पुरुषांच्यातल्या दाखवा."

"त्या वरच्या मजल्यावर."

"मग चला की."

आणि आम्ही वर गेलो. पुढे काकू, मागे मी, मागे आई, तिच्या मागे "बस्ता उघडा टाकून कुठं चाललाय सगळ्या" असं म्हणत पुष्पाआत्या, आणि शेवटी दुकानाचा माणूस हळदकुंकवाचं ताट घेऊन, कारण ते खाली एकटं ठेवायचं की नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वर सुदर्शनदाजी आरशासमोर कोटाची एकच बाही चढवून उभे होते. आम्हाला बघून त्यांनी उरलेली बाही चटकन घातली.

"आई? काय झालं?"

"तू मला घाबरतोस का रे?"

दाजींनी पप्पांकडे बघितलं, मग स्वतःच्या वडिलांकडे. मगदूमकाका छताकडे बघायला लागले.

"तसं नव्हे..." दाजी म्हणाले.

"बरं. त्रिशलाच्या कमरेचं माप माहितीय?"

दाजी लाजले. इतके, की कोटाच्या कॉलरपर्यंत. "मला कसं..."

"हिच्यापेक्षा दोन बोटं जास्त," आई एकदम म्हणाली आणि मला पुढे ढकललं. मी चकित होऊन मागे बघितलं. आईच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत होता. "आणि लांबी जरा जास्त सोडलेली बरी. गमबुटात खोचायला लागते तिला."

त्यानंतर जी खरेदी झाली, तशी मी पुन्हा बघितली नाही. काकूंनी ढीग मागवले नाहीत. खाकी म्हणाल्या, खाकी आली. त्यांनी खिशात हात घातला, मनगटापर्यंत गेला, तो बाहेर काढला, दुसऱ्या खिशात घातला. पँट उलटी केली, शिवण दोन्ही हातांनी ताणून बघितली. काखेत एक पँट धरून मला म्हणाल्या, "बस खाली. मांडी घाल. ऊठ. काचतंय?" मी ट्रॅकपँटीवरून चढवलेल्या पँटीत मांडी घातली, उठले, नाही म्हणाले.

"दोन द्या पॅक करून," आई म्हणाली.

"दोन कशा पुरतील?" काकू म्हणाल्या. "एक अंगावर, एक दोरीवर, आणि पावसाळ्यात काय करायचं? चार द्या."

खाली येऊन शालूवर चारही पँटी ठेवल्या. डाळिंबी जरीवर खाकी. पुष्पाआत्यांनी ते बघून डोळे मिटले. काकूंनी आधी पँटींना हळदकुंकू वाहिलं, मग शालूला. अक्षता टाकल्या. गाठ त्यांनी पुष्पाआत्यांना मारायला लावली. पुष्पाआत्यांनी ती मारली, आणि खरं सांगायचं तर घट्ट मारली.

तेव्हाच जिना वाजला. ताई आली होती. खाकी पँट मांडीपर्यंत ओली, गमबूट खाली काढून ठेवलेले, दंडावर गवताची काडी, आणि वास असा, की गिऱ्हाइकांनी दोन्ही बाजूंनी वाट मोकळी करून दिली. तिनं आधी लाल गाठोडं बघितलं, गाठ बघितली, मग माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"बांधलात?" ती हळू म्हणाली.

"बांधला," काकू म्हणाल्या. "सुटली का म्हैस?"

"सुटली. दोघं बरी आहेत." ताईनं श्वास घेतला, खांदे मागे घेतले. "काकू, मला तुमच्याशी एक बोलायचंय. गाठ मारलीय हे दिसतंय मला, तरी बोलायचंय."

"तुझ्या पँटीबद्दल का?"

ताईचं तोंड उघडंच राहिलं.

"चार आहेत आत. तुझ्या बहिणीनं मागितल्या. बाकी जे काय विचार करायचा होतास, तो करायचा असला तर कर अजून, पण मापाचं असं आहे, की ते परत घेणार नाहीत."

ताई मला मिठी मारायला आली. मी मागे सरकले, कारण वास खरोखर फार होता. तरी तिनं मारलीच. त्या वासासकट मला ती मिठी अजून आठवते. माझा तो टी-शर्ट नंतर चार वेळा धुवायला लागला.

आईनं डोळे पुसले. पुष्पाआत्यांनी नाकाला पदर लावला, पण ताईच्या दंडावरची काडी त्यांनीच काढली. वरून पुरुष मंडळी उतरायला लागली. सेल्समननं खाली पडलेले शालू उचलायला सुरुवात केली आणि त्याच्या तोंडून उसासा निघाला.

मगदूमकाकू पर्स घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"पाठराखणीचा मान राहिलाय. तो तुझा स्वतःचा. घागरा म्हणे पुष्पा. तुला काय पाहिजे ते सांग, घेऊ."

सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं. भिंतीवर घागरे टांगलेले होते. आरसेवाले, झगझगीत. अजून एक अख्खा मजला बाकी होता.

"काही नको," मी म्हणाले. चांगलं ऐकू जाईल असं म्हणाले. "मला घरी जायचंय."

काकूंनी चपला पायात सरकवल्या.

"मला तर सकाळी ह्यांनी शटर उघडलं तेव्हापासून जायचंय," त्या म्हणाल्या, आणि माझा हात धरून जिन्याकडे निघाल्या.